दोन पूल आणि दोन खारी: अँगलसी बेटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचं बेट आहे, सुमारे ७१५ चौरस किलोमीटरचं. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये मेनायची सामुद्रधुनी आहे. ती अगदी अरुंद असून काही ठिकाणी तिची रुंदी जेमतेम काहीशे मीटर भरते. तिच्यावर दोन पूल आहेत, १८२६ चा झुलता पूल आणि १८५० चा ब्रिटानिया पूल. या प्रकरणात पुलांना बरंच महत्त्व आहे, म्हणून त्यांचा उल्लेख आधीच केला.

बेटावर पूर्वी फक्त तांबडी खार होती. तिचं वजन साधारण ३०० ग्रॅम असतं. करडी खार मूळची उत्तर अमेरिकेतली, वजनाने जवळजवळ दुप्पट. ब्रिटनमध्ये ती १८७६ साली चेशर परगण्यात सोडली गेली, ही तिची पहिली नीट नोंदलेली आयात. हौस म्हणून आणलेला हा प्राणी पुढच्या शंभर वर्षांत इंग्लंड-वेल्सच्या बहुतेक भागात पसरला आणि त्याच्या मागोमाग तांबडी खार नाहीशी होत गेली. अँगलसीवर करडी खार १९६० च्या दशकात पोचली. पूल होतेच, शिवाय हा प्राणी पोहतोही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस बेटावर तांबड्या खारी उरल्या होत्या सुमारे ४०, त्याही एकाच लहान जंगलात. बाकी सगळं बेट करड्या खारींकडे गेलं होतं.

या मोहिमेतल्या माणसांची आणि संस्थांची नावं मी इथे घेतलेली नाहीत. घटनाक्रम जाहीर नोंदींमधला आहे. अधूनमधून येणारी आकडेमोड मात्र माझी आहे. निर्णय घेणाऱ्यांनी नेमकी हीच आकडेमोड केली होती, असा दावा नाही.

अडचण नेमकी कुठे होती

करडी खार तांबडीला मारते असा समज सर्वत्र आहे, पण मारामारीचा यात फारसा संबंध नाही. ओक वृक्षाची फळं करडी खार चांगली पचवते, तांबडीला ती नीट पचत नाहीत. हेझेलची फळं तर करडी खार पिकण्याआधीच फस्त करते. त्यामुळे पानगळीच्या जंगलात तांबड्या माद्यांचं वजन घटतं आणि पिल्लं कमी जगतात. प्रौढ खार डोळ्यांसमोर मरत नाही, पुढची पिढी भरत नाही. स्प्रूससारख्या सूचिपर्णी जंगलात हे उलटतं. तिथे करडीची आघाडी संपते, म्हणून इंग्लंडच्या उत्तरेतल्या कील्डर जंगलात तांबडी खार अजून तग धरून आहे.

१९८९ साली अकिरा ओकुबो, फिलिप मेनी, मार्क विल्यमसन आणि जेम्स मरे यांनी या दोन खारींसाठी समीकरणं मांडली. लोत्का-व्होल्तेरा पद्धतीची स्पर्धा (एकीची संख्या वाढली की दुसरीची वाढ मंदावते, असं मांडणारी) आणि तिला जोडून प्राण्यांचं आजूबाजूला पसरत जाणं, अशी त्यांची रचना होती. करडीच्या वाढीचा दर त्यांनी वर्षाला ०.८२ धरला, तांबडीचा ०.६१. करडीची आघाडी दरवर्षी सुमारे ७.७ किलोमीटर पुढे सरकते, हेही त्यात बसत होतं. अशा पसरणाऱ्या लाटेचा किमान वेग म्हणजे वाढीचा दर आणि विसरण गुणांक (प्राणी किती झपाट्याने आजूबाजूला पसरतात त्याचं माप) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट. त्यावरून विसरण गुणांक वर्षाला १७.९ चौरस किलोमीटर येतो. हा आकडा पुढे लागेल.

एवढ्यावर गोष्ट पुरी होत नव्हती. नॉरफोकसारख्या ठिकाणच्या नोंदी तपासल्यावर लक्षात आलं की निव्वळ स्पर्धेमुळे तांबडी खार इतक्या झपाट्याने हटू नये. २००३ मध्ये छापून आलेल्या एका गणिती प्रारूपाने उरलेला भाग भरून काढला, तो म्हणजे खारींना होणारा देवी हा रोग. त्याचा विषाणू करड्या खारींत फारसा त्रास न देता फिरतो आणि तांबडीला लागला की बहुधा दोन-तीन आठवड्यांत तिचा जीव घेतो. म्हणजे करडी खार स्पर्धक असते आणि रोगाची वाहकही.

आता अँगलसीची अडचण मांडता येते. बेट आणि मुख्य भूमी ही दोन घरं. दोन्ही घरांत, माणसाने हात घातला नाही तर, जिंकते करडी. मधे दोन पूल. बेटावरची करडी खार काढणं शक्य आहे का हा प्रश्न सगळे विचारत होते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: काढल्यावर पुलांवरून येणाऱ्यांचं काय?

दोन घरांचं गणित

थोडा वेळ खारी बाजूला ठेवू. सायमन लेव्हिन यांनी १९७४ साली एक साधा विचार मांडला. दोन जाती एकमेकींना इतक्या नडतात की एका जागी दोघी राहूच शकत नाहीत. जी आधी बसली तिची जागा. अशा जातींना दोन जागा दिल्या आणि मधली ये-जा अगदी कमी ठेवली, तर एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरी, अशा दोघी टिकतात. ये-जा वाढली की टिकत नाहीत.

किती वाढली की? सगळं सममित धरलं, वाढीचा दर आणि धारणक्षमता (एका जागी जास्तीत जास्त किती प्राणी पोसले जातात) दोन्ही १ घेतल्या, तर उत्तर हाताने काढता येतं. स्पर्धा गुणांक (एक जात दुसरीला किती नडते त्याचं माप) अ, स्थलांतर दर म. दोघींचं सहजीवन स्थिर राहण्याची अट अशी:

म < (अ − १) ÷ (४अ + २)

अ = २ घेतला तर उंबरठा १/१० येतो. म = ०.०५ असताना प्रत्येक जागी यजमान जात धारणक्षमतेच्या ८५ टक्क्यांवर आणि पाहुणी ५ टक्क्यांवर स्थिरावते. उंबरठ्यावर हेच आकडे ६८ आणि १२ होतात. गंमत पुढे आहे. म = १/१० ते १/६ या पट्ट्यात समतोल कागदावर सापडतो, पण तो अस्थिर असतो. टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखा. एका जातीची संख्या जराशी वाढली की तीच दोन्ही घरं घेते. समीकरण सोडवून "उत्तर आहे" म्हणून थांबणारा विद्यार्थी इथे फसतो. स्थिरता तपासणं हा वेगळा हिशेब आहे, आणि व्यवहारात तोच कामाचा.

वाढीचा दर वर्षाला ०.८२ धरला तर १/१० चा अर्थ होतो दरवर्षी शेकडा ८ प्राणी पलीकडे जाणं. शरद ऋतूत तरुण खारी घर शोधत बाहेर पडतात हे लक्षात घेतलं तर शेकडा ८ हा आकडा फार मोठा नाही.

अँगलसीला हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही. इथे सममिती नाही, दोन्ही जागा करडीच्या बाजूने झुकलेल्या आहेत. माणसाने सतत सापळे लावले तरच बेटापुरता तोल फिरतो. पण विचाराची दिशा हीच राहते: कोण किती बलवान याच्या बरोबरीने, किंबहुना त्याआधी, मधली ये-जा किती हे मोजायला हवं.

समोर असलेले पर्याय

काही न करणं हा पहिला. चाळीस खारी म्हणजे एक वाईट हिवाळा किंवा देवीची एक साथ. इथे विकल समीकरणं (संख्या अखंड बदलते असं धरणारी, वरच्यासारखी) दिशाभूल करतात, कारण त्यांत ०.३ खारही जिवंत असते आणि पुढे वाढू शकते. चाळिसांच्या कळपाचं भवितव्य योगायोगावर असतं.

दुसरा पर्याय होता त्या एकाच जंगलाभोवती सापळे लावून तांबड्या खारींचा किल्ला करायचा. तो स्वस्त दिसतो, आणि जगभर बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा हाच सुचतो. त्याचा हिशेब करून पाहू. समजा सापळ्यांच्या पट्ट्यात काढण्याचा दर वर्षाला २ आहे, म्हणजे त्या पट्ट्यातली कोणतीही करडी खार वर्षभरात पकडली जाण्याची शक्यता ८६ टक्के. एवढी मेहनत करूनही बाहेरून आत झिरपणाऱ्या करड्या खारींची घनता दहाव्या हिश्श्यावर यायला सुमारे ९ किलोमीटर रुंदीचा पट्टा लागतो आणि शंभराव्या हिश्श्यावर यायला १८. (१७.९ ला २ वजा ०.८२ ने भागून वर्गमूळ घ्या, ३.९ किलोमीटर येतात. घनता दर ३.९ किलोमीटरला २.७ पटीने उतरते.) लहानशा जंगलाभोवती चहूबाजूंनी १८ किलोमीटरचा पट्टा आखला तर बेटाचा मोठा भाग त्यात जातो, आणि तो पट्टा कायम राखावा लागतो. विसरण गुणांक संपूर्ण देशाच्या प्रसारावरून काढलेला आहे, एखाद्या गावापुरता तो कमीही असेल. तो चौपट कमी धरला तरी पट्टा फक्त निम्मा होतो, किल्ल्याचं स्वप्न काही स्वस्त होत नाही.

तिसरा पर्याय संपूर्ण बेट मोकळं करण्याचा. ऐकायला अवाढव्य. पण इथे समुद्राची तटबंदी फुकट मिळते. सापळ्यांचा पट्टा चहूबाजूंनी न लागता पुलांच्या तोंडाशी लागतो. छोट्या कामापेक्षा मोठं काम दीर्घकाळात सोपं पडावं, असं क्वचित होतं. इथे झालं.

चौथा, बेटाबरोबर पलीकडच्या किनाऱ्यावरही सापळे. त्याकडे पुढे येतो.

लस आणि जंगलाची झाडं बदलणं यांवरही विचार होत असे, पण चाळीस खारींपाशी तेवढा वेळ नव्हता.

काय केलं

१९९८ मध्ये त्या एका जंगलापासून करड्या खारी काढायला सुरुवात झाली. म्हणजे सुरुवात दुसऱ्या पर्यायाची होती. पुढे काम बेटभर पसरत गेलं. हा पहिला निर्णायक टप्पा: जंगलाच्या सीमेवर थांबायचं की पुढे जायचं. सापळे लावलेल्या जागी शेजारून नव्या खारी येत राहतात, हे जंगलात काम करणाऱ्यांना समीकरणाशिवायही दिसतं. थांबले असते तर तेच सापळे त्याच जागी आजही लावत बसले असते.

दुसरा टप्पा वेगाचा. काढण्याचा दर वाढीच्या दरापेक्षा जास्त हवा, ही अट साधी आहे पण कठोर आहे. ०.८२ चा अर्थ, दरवर्षी ५६ टक्क्यांहून अधिक करड्या खारी काढल्या तरच संख्या उतरते. पन्नास टक्के काढून समाधान मानणारी मोहीम म्हणजे कायमस्वरूपी शिकार. त्यातून फक्त उरलेल्यांना खायला जास्त मिळतं.

तिसरा टप्पा तांबड्या खारींचा. चाळिसांमध्ये जनुकीय विविधता जवळजवळ नव्हती. बाहेरून खारी आणायच्या तर करड्या पूर्ण जाईपर्यंत थांबायचं की आधीच सोडायच्या? २००४ पासून बेटाच्या दक्षिणेकडच्या न्यूबरो जंगलात तांबड्या खारी सोडायला सुरुवात झाली, तेव्हा बेट अजून मोकळं झालेलं नव्हतं. मला हा निर्णय धाडसी आणि योग्य वाटतो. न्यूबरो हे सूचिपर्णी झाडांचं जंगल आहे, तिथे करडीची आघाडी तशीच कमी. शिवाय दोन वेगळ्या जागी खारी असल्या तर एका साथीत सगळ्या जात नाहीत. तोटाही उघड आहे. सोडलेल्यांपैकी काही देवीने गेल्या असत्या तर लोकांचा पाठिंबा गेला असता, आणि या कामात लोकांचा पाठिंबा सापळ्यांइतकाच लागतो. घरामागच्या बागेत सापळा ठेवू द्यायला माणूस तयार हवा.

काय झालं

बेटावरून एकूण सहा हजारांहून अधिक करड्या खारी काढल्या गेल्या आणि २०१५ च्या सुमारास बेट करड्या खारींपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. तांबड्या खारी तोवर सुमारे ७०० झाल्या होत्या.

मधला एक परिणाम विशेष नोंदण्यासारखा आहे. करड्या खारी शून्यावर येण्याच्या बऱ्याच आधी त्यांच्यातलं देवीच्या विषाणूचं प्रमाण घसरलं. रोग टिकायला वाहकांची ठरावीक घनता लागते. ती त्या पातळीखाली गेली की रोग वाहकांच्या आधी संपतो. शेवटच्या करड्या खारी पकडणं सर्वांत महाग असतं, कारण तेवढेच सापळे, तेवढीच माणसं आणि आठवडेच्या आठवडे रिकामे पिंजरे. अशा वेळी पैसे देणाऱ्याला "फायदा आधीच सुरू झालाय" हे दाखवता येणं फार उपयोगी पडतं.

तांबड्या खारी नंतर सामुद्रधुनी ओलांडून मुख्य भूमीवर, बँगरच्या आसपासच्या जंगलात दिसू लागल्या. ज्या वाटेने संकट आलं होतं, तिचाच आता त्यांना उपयोग झाला. पण पलीकडे करड्या खारी आणि देवी दोन्ही होत्या. २०२०-२१ च्या हिवाळ्यात मुख्य भूमीवरच्या ग्वीनेद भागात देवीची साथ आली आणि तिथल्या बहुतांश तांबड्या खारी मेल्या. बेट वाचलं.

वेगळं काय करता आलं असतं

पलीकडच्या किनाऱ्यावरचं काम आधीपासून मुख्य योजनेत हवं होतं असं माझं मत आहे. बेट जवळजवळ मोकळं झाल्यावर तिथे उरणाऱ्या करड्या खारींची संख्या साधारण अशी येते: वर्षाला येणाऱ्या खारी भागिले काढण्याचा दर वजा वाढीचा दर. उदाहरणापुरतं समजा वर्षाला १० खारी पूल ओलांडतात. काढण्याचा दर २ ठेवला तर बेटावर सरासरी आठ-नऊ करड्या खारी राहतील. दर ०.९ वर घसरला तर सव्वाशे. आणि निधी संपून काम पूर्ण थांबलं, तर आठांच्या हजार व्हायला सहा वर्षंही लागत नाहीत. छेदात वजाबाकी आहे, म्हणून मेहनतीत थोडी ढिलाई झाली की संख्या एकदम उसळते. अंशाचं तसं नाही. पलीकडे सापळे लावून दहाच्या पाच केल्या तर उरणाऱ्या खारी कोणत्याही परिस्थितीत निम्म्या. बेटावरची मेहनत दुप्पट करण्यापेक्षा पलीकडची येणारी धार कमी करणं बहुतेक वेळा स्वस्त पडावं. २०२०-२१ च्या साथीचाही धडा तीच बाजू दाखवतो: पलीकडे करड्या खारींची दाटी असेपर्यंत तिकडे गेलेल्या तांबड्या खारींना आधार नाही.

दुसरी गोष्ट, पुलांवरची ये-जा मोजायला हवी होती, तीही बेट मोकळं होण्याच्या आधी. स्पर्धा गुणांक काढण्यात अभ्यासकांनी खूप श्रम घेतले आहेत. स्थलांतर दरासाठी मात्र बहुतेक प्रारूपांत अंदाज घातलेला असतो. पकडलेल्या खारीच्या जनुकांवरून ती बेटावर जन्मली की बाहेरून आली हे बऱ्याच अंशी कळू शकतं. शेवटच्या काही वर्षांत पकडलेल्या प्रत्येक खारीमागे हा प्रश्न विचारण्यासारखा होता, कारण बेटावर जन्मलेली शेवटची खार आणि काल पूल ओलांडून आलेली खार यांवरचे उपाय वेगळे आहेत.

प्राणी मारण्याबद्दलचा आक्षेप मी हलका मानत नाही. पण उशिराचीही किंमत असते, आणि तिचं उदाहरण इटलीत आहे. तुरीनजवळ १९४८ मध्ये मोजक्या करड्या खारी सोडल्या होत्या. १९९७ मध्ये त्या काढण्याचा प्रयोग सुरू झाला तेव्हा प्राणिहक्क संघटना न्यायालयात गेल्या आणि काम थांबलं. २००० साली प्रकल्पाचे प्रमुख निर्दोष सुटले, पण तोपर्यंत खारी इतक्या पसरल्या की पूर्ण निर्मूलनाचा विचार सोडून द्यावा लागला. आधी शेकड्यांत मारून भागलं असतं, नंतर हजारांत मारूनही भागत नाही. आक्षेप घेणाऱ्यांसमोर हा हिशेब पहिल्या बैठकीतच ठेवायला हवा, न्यायालयात गेल्यावर नव्हे.

आयर्लंडमध्ये पाइन मार्टेन हा शिकारी प्राणी परतला तशा करड्या खारी मागे हटल्या आणि तांबड्या परत आल्या, असं तिथल्या पाहणीत दिसलं. हे सगळीकडे चाललं तर छेदातला काढण्याचा दर माणसांच्या पगारावर अवलंबून राहणार नाही. पुलाच्या पलीकडच्या जंगलांत हा मार्ग कितपत चालेल ते तिथल्या मार्टेनच्या घनतेवर आहे, आणि मार्टेनची संख्या वाढायला लागणारी वर्षं वरच्या सूत्रातल्या सहा वर्षांपेक्षा जास्त आहेत. तोवर पुलांच्या दोन्ही तोंडांशी सापळे आणि कॅमेरे ठेवावेच लागतील.